चेकर टॅक्सी : उतारूंसाठी बांधलेली मोटार

जुन्या अमेरिकन चित्रपटांत न्यूयॉर्कचा रस्ता दाखवला की एक पिवळी, उंच, गोल दिव्यांची मोटार हटकून दिसते. तिच्या अंगावर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा पट्टा असतो. ही चेकर टॅक्सी. आता ती फक्त संग्रहालयात किंवा हौशी लोकांच्या घरी सापडते. एवढी नावाजलेली गाडी बंद का पडली, ते आज आपण पाहू.

तिचा निर्माता मॉरिस मार्किन हा रशियातील स्मोलेन्स्कचा यहुदी. ऐन तारुण्यात तो शिकागोला आला तेव्हा हातात पैसा नव्हता. शिंपीकाम करत त्याने कपडे शिवण्याचा स्वतःचा धंदा उभा केला. मोटारींच्या बॉडी बांधणाऱ्या एका कारखान्याला त्याने कर्ज दिले होते. ते फिटले नाही आणि कारखानाच त्याच्या ताब्यात आला. १९२२ साली त्यातून चेकर कंपनी निघाली आणि पुढच्याच वर्षी मिशिगन राज्यातील कलामाझू गावी गेली.

धंदा सोपा नव्हता. शिकागोत यलो कॅबचा जॉन हर्ट्झ हा त्याचा प्रतिस्पर्धी, तोही युरोपातून आलेला यहुदी. भाड्याने मोटारी देणारी हर्ट्झ कंपनी आजही त्याच्याच नावाने चालते. दोन्ही टॅक्सीवाल्यांत मारामाऱ्या आणि गोळीबारही होत. १९२३ साली मार्किनच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला.

चेकरचे वेगळेपण असे की ती मुळात टॅक्सी म्हणूनच बांधलेली होती. आपल्या मुंबईची फियाट ही घरगुती मोटार होती, तिला काळा-पिवळा रंग देऊन टॅक्सी केले. चेकरचे तसे नव्हते. छत उंच, दार रुंद, त्यामुळे चढताना फारसे वाकावे लागत नसे. मागची जमीन सपाट होती. पाय पसरून बसता येई, सामानही मावे. पुढच्या सीटच्या पाठीमागे घडीच्या दोन जादा बैठका असत, म्हणजे मागे पाच जण सहज बसत. पत्रा जाड होता आणि मडगार्ड बोल्टने बसवलेले असत. ठोकर लागली तर तेवढाच भाग काढून नवा लावता येई. इंजिन कंपनी स्वतः बनवत नसे, बाहेरून घेई. १९६५पासून ते शेव्हरोलेचे असे, त्यामुळे सुटे भाग कुठेही मिळत.

१९५६ साली ठरलेला गाडीचा आकार १९८२पर्यंत जवळजवळ तसाच राहिला. मालकाला ते सोयीचे होते, कारण जुन्या गाडीचा भाग नव्या गाडीला चाले.

मग घसरण कशी झाली? पहिले कारण नियमाचे. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी टॅक्सी ठरावीक मोठ्या मापाची असावी लागे आणि त्या मापात चेकर चपखल बसे. १९५४ साली हा नियम सैल झाला आणि साध्या मोटारींनाही टॅक्सीचा परवाना मिळू लागला. फोर्ड, शेव्हरोले, प्लायमथ यांच्या गाड्या लाखांनी निघत, म्हणून स्वस्त पडत. चेकरच्या सर्वांत चांगल्या वर्षी, १९६२ साली, आठ हजारांहून थोड्याच अधिक गाड्या निघाल्या होत्या. दुसरे कारण तेलाचे. १९७३नंतर पेट्रोल महागले आणि ही जड गाडी परवडेना. तिसरे कारण, नवे मॉडेल काढायला लागणारे भांडवल एवढ्या लहान कंपनीपाशी नव्हते.

एक आशा मात्र होती. जनरल मोटर्सचे माजी अध्यक्ष एड कोल १९७७ साली कंपनीत आले. नवी, हलकी टॅक्सी काढण्याचा त्यांचा विचार होता. त्याच वर्षी मे महिन्यात कलामाझूजवळ विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. १२ जुलै १९८२ रोजी शेवटची चेकर बाहेर पडली. त्यानंतर कारखाना इतर मोटार कंपन्यांचे भाग बनवत राहिला आणि २००९ साली तोही बंद झाला. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची शेवटची चेकर १९९९ साली निवृत्त झाली, तेव्हा ती जवळपास दहा लाख मैल धावलेली होती.

आम्हांला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. टॅक्सीत बसतो उतारू, पण ती विकत घेतो मालक. मालक किंमत आणि पेट्रोल पाहणार, त्यात त्याची चूक नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला चढता येईल का, काठी कुठे ठेवायची, हा प्रश्न मालकाच्या हिशेबात येत नाही. तो नियमानेच विचारावा लागतो. नियम सैल झाला आणि उतारूची बाजू घेणारा कोणी उरला नाही. चेकरनंतर आल्या त्या बुटक्या मोटारी. बसताना अंग मुडपावे लागे आणि मागच्या जमिनीत मधोमध उंचवटा असे.

२०११ साली न्यूयॉर्कने नव्या टॅक्सीसाठी निसानची उंच, सरकत्या दारांची गाडी निवडली. सपाट जमीन आणि ऐसपैस जागा हे जुने गुण पुन्हा मोलाचे ठरले. चेकरचा खरा वारसा हाच. म्हणून आपल्या गावात टॅक्सी-बसचे नियम ठरत असतील, तेव्हा आपण वडीलधाऱ्यांनी गप्प बसू नये. दार किती रुंद, पायरी किती उंच, हे जरूर विचारावे.