बारावीची गुणपत्रिका काढ

पहाटेचे पाच वाजलेत. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयाचं फाटक करकरत उघडतं आणि रस्त्याकडेला पोत्यावर, वर्तमानपत्रावर, सॅक उशाशी घेऊन पडलेली पोरं धडपडत रांगेत लागतात. जून 2024. राज्यभर पोलीस भरतीच्या मैदानी चाचण्या सुरू आहेत. शिपाई, चालक, बँड्समन, राज्य राखीव दल आणि कारागृह मिळून 17,471 जागा. अर्ज सुमारे 17 लाख 76 हजार. म्हणजे एका जागेला शंभरावर. रात्री पाऊस येऊन गेलाय, धावपट्टीवर ताजा मुरूम पडलाय. बातमीदार म्हणून मला दोरीच्या अलीकडे उभं राहायची मुभा आहे.

आधी उंची. मुलांना 165 सेंटिमीटर, मुलींना 155, तीही अनवाणी. मग मुलांची छाती: 79 सेंटिमीटर, आणि श्वास भरल्यावर 5 ने वाढायला हवी. इथेच काहीजण गळतात आणि चपला हातात घेऊन, कुणाकडे न बघता फाटकाबाहेर जातात.

उरलेले मांडवाखालच्या टेबलाशी येतात. टेबलामागे निवृत्तीला टेकलेले एक हवालदार, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. समोरचा मुलगा फाईल उघडतो. प्लॅस्टिकच्या पाकिटांची, चांगली जाडजूड. सर्वांत वर मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं पदवी प्रमाणपत्र, प्रथम श्रेणी. हवालदार ते न वाचताच उलटतात. मग आठ सेमिस्टरच्या आठ गुणपत्रिका उलटतात. मग कुठल्याशा सॉफ्टवेअर कोर्सचं रंगीत सर्टिफिकेट.

"अरे बाळा, बारावीची गुणपत्रिका काढ."

ती सापडते सगळ्यात खाली, घडीवर चिकटपट्टी लावलेली. शिपाईपदाची अट बारावी पास एवढीच. हवालदार तिच्यावर टिचकी मारतात, डोमिसाईल आणि जातीचा दाखला बघतात, यादीवर खूण करतात. पुढचा. पुढचा डी.एड. झालेला, टीईटीही पास. त्यापुढचा बी.एस्सी. ॲग्री. मग इतिहासात एम.ए. केलेला एकजण, "सर, हे पण लावू का?" असं विचारतो. "लाव की घरात भिंतीला," हवालदार म्हणतात, आणि रांगेत हशा पिकतो. एम.ए.वालाही हसतो.

शिट्टी. सोळाशे मीटरची पहिली तुकडी रेघेवर येते. छातीवर नंबर, पायाला चिप, चार फेऱ्या. 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलं तर 20 पैकी 20, पुढे सेकंद वाढतील तसे गुण उतरतात. पहिल्या फेरीत सगळे एकत्र आहेत. दुसरीत एक काटक, सावळा पोरगा सुटतो. त्याचं सगळं शिक्षण बारावी; कला शाखा, तीही दुसऱ्या प्रयत्नात. हे त्यानंच मघाशी रांगेत सांगितलं होतं, आणि रोज पहाटे गावच्या तळ्याला फेऱ्या मारतो हेही. इंजिनिअर मधल्या घोळक्यात आहे. तिसऱ्या फेरीत त्याचा चेहरा ओढल्यासारखा होतो, हात खांद्यापासून हलायला लागतात. सावळा पोरगा रेघ ओलांडतो आणि थांबत नाही, तसाच चालत राहतो. इंजिनिअर बऱ्याच वेळानं येतो आणि गुडघ्यावर हात टेकून वाकतो.

"किती आलं?" मी विचारतो.

"सहाच्या वर गेलं." दम खाऊन तो पुढे बोलतो. "चार वर्षं इंजिनिअरिंग. दोन वर्षं चाकणला कंपनीत, ठेकेदाराकडून. मग पुण्यात एमपीएससी. पळायला लागून आठ महिने झालेत. तो बारावीपासून पळतोय, सर."

त्याच्या हिशोबात चूक नाही. ज्या वर्षांत यानं वर्कशॉप आणि व्हायवा केल्या, त्या वर्षांत त्यानं तळ्याला फेऱ्या घातल्या. खुल्या प्रवर्गाला 28 आणि मागासवर्गीयांना 33 ही वयाची मर्यादा मात्र दोघांनाही सारखीच लागते. पदवीत गेलेली वर्षं कुणी वजा करत नाही.

गोळाफेकीच्या वर्तुळापाशी हवालदार आता चहा घेताहेत. मी त्यांना छेडतो, "इतकं शिकून शिपाई व्हायला येतात, वाईट नाही वाटत?"

"वाईट कशाचं? मैदान पन्नास मार्कांचं, लेखी शंभराची. तिथं गणित आहे, बुद्धिमत्ता आहे, व्याकरण आहे. मैदानात पळणारा पोरगा तिथं अडकतो आणि ही पदवीवाली पोरं तिथं वर निघतात. तेव्हा अगदीच वाया गेलं म्हणू नका." कपबशी बाकावर ठेवून ते पुढे सांगतात, "आणि खात्यात आल्यावर फौजदारकीची विभागीय परीक्षा असते. मधेच होते, मधेच बंद पडते, ते सोडा. पण तिला बसायला दहावीवाल्याला सहा वर्षं नोकरी लागते, बारावीवाल्याला पाच, पदवीधराला चार."

मी मनात वजाबाकी करतो. बारावीवाल्यापेक्षा एक वर्ष कमी. तीन-चार वर्षं कॉलेज, फी, खोलीचं भाडं, कुणाच्या घरी गहाण पडलेलं शेत, आणि खात्याच्या वहीत या सगळ्याची जमा एक वर्ष.

नऊ वाजता मुलींच्या आठशे मीटरला सुरुवात होते. दोन फेऱ्या, 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत पूर्ण गुण. त्यातली एक तिसरी येते आणि मांडवाच्या सावलीत बसून पायाची चिप सोडते. बी.कॉम. झालेली आहे. गावातल्या तिच्या बरोबरीच्या बहुतेक मुली बारावीनंतर दोन वर्षांत सासरी गेल्या.

"मला शिकायचंच होतं असं नाही काका," ती सरळ सांगते. "पण कॉलेज चालू आहे म्हटलं की येणारी स्थळं थांबतात. पप्पा पाहुण्यांना सांगायचे, परीक्षा होऊ द्या. तेवढ्यात मी ॲकॅडमी लावली, ग्राउंड सुरू केलं."

टेबलावर जी कुणी वाचलीही नाही तीच पदवी, पण हिच्यासाठी तिनं तीन वर्षं दार अडवून धरलं. इंजिनिअरची वर्षं पदवीनं खाल्ली, हिची वाचवली. पगाराची श्रेणी दोघांनाही एकच मिळेल, 21,700 पासून सुरू होणारी, मिळाली तर.

"आणि यंदा नाही झालं तर?"

"तर एम.ए.ला ॲडमिशन घेणार."

"बी.कॉम.नंतर एम.ए.? कशात?"

"जिथं जागा शिल्लक असेल त्यात," ती उठते आणि ट्रॅकपँटीवरचा मुरूम झटकते. "अजून दोन वर्षं मिळतात की."