चालत गेलेले घर

माणूस चालतो, बैल चालतो. पण घर चालत गेलेले तुम्ही कधी ऐकले आहे का? इंग्लंड देशात एक्झेटर नावाचे शहर आहे. तेथले एक घर खरोखर रस्त्याने गेले. गुरुजींनी वर्गात त्याचे चित्र दाखवले.

हे घर ५०० वर्षांहून जुने आहे. ते तीन मजली आहे, पण अगदी अरुंद. शहरात जागा कमी, म्हणून तळमजला लहान, त्यावरचा थोडा पुढे आलेला, आणि तिसरा त्याहूनही पुढे. उतरंड उलटी रचल्यासारखे दिसते. मला वाटले, हे पडत कसं नाही? तर माडीच्या कड्या भिंतीच्या बाहेर काढतात आणि त्यांच्या टोकांवर वरच्या मजल्याची चौकट उभी करतात. हे घर कोपऱ्यावरचे, म्हणून ते दोन बाजूंनी पुढे आले आहे. असे करायचे तर कोपऱ्यात एक जाड तुळई तिरकी घालावी लागते. तिला इंग्रजीत ड्रॅगन बीम म्हणतात. ड्रॅगन म्हणजे गोष्टीतला आग ओकणारा प्राणी. वर्गात सगळे हसले.

तिकडची अशी घरे ओक नावाच्या लाकडाची असत. एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्याला भोक पाडायचे, जीभ भोकात घालायची आणि वरून लाकडाचीच खुंटी ठोकायची. मधल्या जागेत काटक्यांचा कूड, त्यावर माती आणि शेण. म्हणजे आपल्यासारखेच की! सगळा भार खांब-तुळयांवर असतो. भिंतीवर नसतो.

सुतार ही चौकट आधी जमिनीवर जुळवून बघत. मग लाकडांवर रोमन आकडे कोरून ती सुटी करत आणि जागेवर नेऊन उभी करत. रोमन आकडे सरळ रेघांचे, म्हणून पटाशीने पाडायला सोपे.

१९६१ साली तिथून मोठा रस्ता जाणार होता. आजूबाजूची घरे पाडली. हे एक वाचवायचे ठरले. दारेखिडक्या काढल्या, घर लाकडांनी चहूबाजूंनी जखडले, खाली चाके बसवली आणि लोखंडी रुळांवरून चढाने सुमारे ७० मीटर नेले. डिसेंबर महिना होता. काही दिवस लागले. घराचे वजन २१ टनांच्या वर होते. म्हणजे दहा-बारा बैलगाड्या ऊस! आजही ते नव्या जागी उभे आहे.

घरी जाऊन मी हे आबांना सांगितले. मला वाटले ते म्हणतील, काहीतरीच. पण ते हसले नाहीत. म्हणाले, "आपलं घर बी चालतच आलंय की, पोरी."

आमचे जुने गाव धरणात गेले. आबा तेव्हा चौथीत होते. पंजोबांनी घराचे खांब, तुळया, कड्या सगळे उकलले. खांबांवर पटाशीने रेघा पाडल्या. पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, अशा. मग बैलगाडीतून खेपा करून सगळे इथे आणले आणि तसेच उभे केले. आबा म्हणाले, "भिंती तिथंच ठेवल्या. भिंतीचं काय, माती कुठं बी मिळती."

मी बॅटरी घेऊन सगळे खांब बघितले. चुन्याखाली रेघा आहेत! एक, दोन, तीन सापडल्या. पाच, सहा, सात, आठ पण सापडल्या. ज्या पालकांना बघायचे असेल त्यांनी घरी यावे. चार रेघांचा खांब मात्र नाही. तो गाडीत मावला नव्हता. दुसऱ्या दिवशी आणायला गेले तर वाटेवर पाणी आले होते. त्याच्या जागी बाभळीचा खांब आहे, त्यावर रेघ नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या घराचे जोते दिसते. यंदा आबा मला दाखवायला नेणार आहेत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी