साकेचे पाणी, साकेचे विरजण

जपानमध्ये कोबे आणि निशिनोमिया या दोन शहरांच्या किनाऱ्यालगत नादा नावाचा पट्टा आहे. पाठीशी रोक्को डोंगर, समोर ओसाकाचा उपसागर. हिवाळ्यात डोंगरावरून झोंबरा वारा उतरतो आणि त्याच थंडीत इथे तांदळापासून साके ही दारू बनते.

1840 च्या सुमारास यामामुरा ताझाएमोन यांचे इथे दोन कारखाने होते, एक उओझाकीला आणि दुसरा निशिनोमियाला. साकुरामासामुने या नावाने हे घराणे आजही साके बनवते. तांदूळ तोच, रीत तीच, तरी निशिनोमियाची साके दर हंगामात सरस उतरायची. ताझाएमोन यांनी दोन्हीकडच्या तोजींची, म्हणजे मुख्य कारागिरांची, अदलाबदल करून पाहिली. फरक पडेना. शेवटी निशिनोमियाच्या विहिरीचे पाणी उओझाकीला नेले, तेव्हा तिथली साकेही तशीच उतरली. बाकी सारे जैसे थे ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही प्रयोगाची शिस्त त्यांना कुणी शिकवलेली नव्हती. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते. पुढे नादातले इतर कारखानदारही बैलगाड्यांवरून ते पाणी आणू लागले आणि पाणी विकणे हा तिथे एक स्वतंत्र धंदाच झाला.

या पाण्याला मियामिझू म्हणतात. त्यात फॉस्फरस आणि पोटॅशियम भरपूर असते, त्यावर बुरशी आणि यीस्ट जोमाने वाढतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात लोह जवळजवळ नसते. साकेच्या बुरशीतून एक असे संयुग तयार होते, जे लोहाचा अणू दिसला की त्याला पकडते आणि तांबूस तपकिरी होते. पाण्यात लोह असेल तर साकेचा रंग आणि स्वाद दोन्ही बिघडतात. निशिनोमियाच्या जमिनीखाली वेगवेगळे प्रवाह एकत्र येतात. त्यांतल्या एकात विरघळलेला ऑक्सिजन जास्त असल्याने इतर प्रवाहांतले लोह गंजून खाली बसते.

ही बुरशी म्हणजे अ‍ॅस्परजिलस ओरायझी. द्राक्षात साखर आयती असते, तांदळात नुसते स्टार्च. यीस्टला ते खाता येत नाही. म्हणून वाफवलेल्या भातावर बुरशीचे बीजाणू भुरभुरवून तो उबदार खोलीत सुमारे दोन दिवस ठेवतात. दाणा पांढऱ्या लवीने माखतो आणि त्याला भाजलेल्या चेस्टनटसारखा वास येऊ लागतो. हीच कोजी. तिच्यातली विकरे स्टार्चचे ग्लुकोजमध्ये रूपांतर करतात. भुईमुगावर अफ्लाटॉक्सिनचे विष सोडणारी बुरशी हिची अगदी जवळची बहीण, पण कोजीच्या बुरशीत ते विष बनत नाही. शतकानुशतके माणसाने सांभाळलेली ही बुरशी आहे. 2005 मध्ये तिचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला.

पण साकेची खरी करामत विरजणात आहे. किमोतो या जुन्या पद्धतीत उथळ लाकडी टबांत वाफवलेला भात, कोजी आणि पाणी कालवतात. मग कारागीर लांब दांड्यांनी ते मिश्रण घोटतात, तेही रात्री किंवा पहाटे, कडाक्याच्या थंडीत. सोबत गाणे चालते, आणि घड्याळ नसलेल्या काळात किती वेळ घोटायचे ते गाण्याच्या लांबीवरून ठरत असे. भांडी निर्जंतुक नाहीत, हवा गाळलेली नाही, तरी शेवटी उरतो तो हवा तोच यीस्ट. हे घडते कसे?

सुरुवातीला मिश्रणाचे तापमान सात-आठ अंशांच्या आसपास असते. एवढ्या थंडीत बहुतेक जीव सुस्तावतात, पण पाण्यातल्या नायट्रेटचे नायट्राइट करणारे जीवाणू काम चालू ठेवतात. नायट्राइट नको असलेल्या रानटी यीस्टला वाढू देत नाही. मग लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू येतात. आधी ल्युकोनोस्टॉक मेसेन्टेरॉइड्स, जो आपल्या इडलीच्या पिठातही असतो, आणि मागून लॅक्टोबॅसिलस साकेइ, ज्याच्या नावातच साके आहे. आम्ल वाढत जाते तसे पहिले जीवाणू मरतात आणि नायट्राइटही नाहीसे होते. आता मिश्रण आंबट आणि गोड, दोन्ही आहे. त्यात तग धरतो तो साकेचा यीस्ट, आणि तो वाढून अल्कोहोल बनवू लागला की लॅक्टिक जीवाणूंचीही सद्दी संपते. यीस्ट वाढायला ऊब लागते, म्हणून कारागीर गरम पाण्याने भरलेले लाकडी पिंप विरजणात बुडवून फिरवतात. हा क्रम साधायला सुमारे महिना लागतो. कारखान्यात नातो, म्हणजे आंबवलेले सोयाबीन, खायला मनाई असते, कारण त्याचे चिवट जीवाणू कपड्यांवरून कोजीपर्यंत पोचू शकतात.

विरजण तयार झाले की भात, कोजी आणि पाणी एकदम न घालता चार दिवसांत तीन हप्त्यांनी घालतात, म्हणजे यीस्टची गर्दी पातळ होऊन शत्रूंना वाट मिळत नाही. इथून पुढे एकाच पिंपात बुरशीची विकरे साखर सोडतात आणि यीस्ट ती लगेच खातो. साखर कधीच साचत नसल्यामुळे यीस्टवर ताण येत नाही आणि अल्कोहोल 18 ते 20 टक्क्यांपर्यंत जाते. वाइनमध्ये ते साधारण 12 ते 14 टक्के असते.

1904 मध्ये सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. 1909 मध्ये घोटणे अनावश्यक असल्याचे दिसून आले, कारण कोजीची विकरे भात आपोआप विरघळवतात. त्यातून यामाहाई पद्धत आली. पुढच्याच वर्षी लॅक्टिक आम्ल बाहेरून घालण्याची युक्ती निघाली आणि महिन्याचे काम दोन आठवड्यांवर आले. साकुरामासामुनेच्या कारखान्यातला यीस्टही 1906 पासून पहिल्या क्रमांकाचा प्रमाणित यीस्ट म्हणून देशभर वाटला गेला. आज बहुतेक साके जलद पद्धतीनेच बनते. माझे झुकते माप मात्र किमोतोला आहे. त्या विरजणात अमिनो आम्ले आणि पेप्टाइड्स जास्त साठतात, त्यामुळे चव भरीव लागते आणि गरम केली तरी विस्कटत नाही. नादातल्या मिकागे इथले किकुमासामुने घराणे, 1659 चे, ही पद्धत अजून चालवते.

नादाची साके हिवाळ्यानंतर लगेच काहीशी तिखट, रांगडी लागते. वसंतात ती एकदा गरम करून जीवाणू मारतात. ही युक्ती जपानी कारागिरांना 16 व्या शतकापासून, म्हणजे लुई पाश्चरच्या आधी तीन शतके, ठाऊक होती. मग ती उन्हाळाभर गार कोठीत मुरते, आणि शरद ऋतूत दुसऱ्यांदा न तापवता बाटलीत भरली जाते. हियाओरोशी या नावाने मिळणारी ती हीच.