१९९३ की ५१४६३? भूकंपाच्या नोंदी आणि बाइटचा क्रम

भूकंप : किल्लारी (ता. औसा, जि. लातूर), ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६, तीव्रता ६.२. जागतिक प्रमाणवेळेनुसार २९ सप्टेंबर, रात्री १०.२६, म्हणजे वर्षाचा २७२वा दिवस.

फाइल : भूकंपमापकांच्या नोंदींचा आंतरराष्ट्रीय फॉरमॅट ‘सीड’, त्याचं आटोपशीर रूप ‘मिनीसीड’. दुसऱ्या आवृत्तीत ठरावीक हेडर ४८ बाइटचं. त्यात वर्ष २ बाइट, दिवस २ बाइट.

दोन क्रम
- बिग-एंडियन : मोठ्या किमतीचा बाइट आधी. उदा. स्पार्क प्रोसेसर.
- लिटल-एंडियन : लहान किमतीचा बाइट आधी. उदा. इंटेलचे एक्स८६ प्रोसेसर.

गफलत : १९९३ म्हणजे ७ आणि २०१ हे दोन बाइट (७ × २५६ + २०१). उलटे वाचले तर वर्ष ५१४६३. तसाच २७२वा दिवस होतो ४०९७वा.

इतर दोष
- पॅडिंग : प्रोग्रॅमच्या स्ट्रक्चरमध्ये १ बाइटच्या फील्डनंतर ४ बाइटचा पूर्णांक आला, तर कंपायलर सहसा मध्ये ३ बाइट रिकामे सोडतो. फाइलमध्ये ते नसतात.
- अलाइनमेंट : ४ बाइटचा पूर्णांक चारच्या पटीत नसलेल्या पत्त्यावरून थेट वाचला, तर एक्स८६ सहसा चालवून घेतो, स्पार्कवर प्रोग्रॅम ‘बस एरर’ देऊन बंद पडतो.
- आकार : सी भाषेतला ‘लाँग’ ३२-बिट लिनक्सवर ४ बाइट, ६४-बिटवर ८.

दुरुस्ती
- वर्ष १९०० ते २१०० आणि दिवस १ ते ३६६ या मर्यादेत नसेल, तर बाइट उलटणं. ‘लिबएमसीड’ लायब्ररीतली तपासणी याच धर्तीची.
- स्ट्रक्चर थेट फाइलवर न बसवता एकेक फील्ड कॉपी करणं.
- ‘लाँग’ऐवजी सी९९ प्रमाणकातले ठरावीक रुंदीचे पूर्णांक वापरणं.