अब्बांचे दोन रोल

वसईतले जुने घर पाडण्याआधी माळा रिकामा करताना आम्हा भावंडांना बिस्किटांच्या डब्यात मरहूम अब्बांचे फिल्मचे दोन रोल सापडले. अब्बा कुवेतला नोकरीला होते. सुट्टीवर येताना स्लाइडची फिल्म आणायचे आणि ईदच्या रात्री भिंतीवर पांढरी चादर लावून प्रोजेक्टरवर चित्रे दाखवायचे. त्या स्लाइड २०१८ च्या जुलैतल्या पुरात गेल्या.

एक रोल एक्टाक्रोमचा, कोरा, मुदत १९९४. दुसरा काढलेला. त्याच्या डबीवर अब्बांच्या अक्षरात लिहिले होते, ‘अम्मा, पडवीत’. अम्मा म्हणजे आमची दादी. तिचा एकही फोटो आता घरात नाही.

स्टुडिओ बंद केलेल्या एका चाचांनी उरलेली रसायने दिली. पहिला डेव्हलपर कोऱ्या चहासारखा झाला होता. हवा लागली की तो असा रंग धरतो आणि त्याचा जोर जातो. फिल्मचा तुकडा उजेडातच त्यात बुडवून पाहिला. ताज्या डेव्हलपरमध्ये तो काळा पडतो, आमचा नुसता करडा झाला.

तेव्हा दादीच्या रोलला हात लावला नाही. कोऱ्या रोलवर वसई किल्ल्याचे फोटो काढले आणि आधी तोच धुतला. पाणी ३८ अंशांवर ठेवायचे, सहा मिनिटांच्या जागी आठ मिनिटे दिली. (हातमोजे घातले होते, आणि ती बादली व मापाचे भांडे आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही.) किल्ला गढूळ गुलाबी आला, सावल्या फिकट. स्लाइडमध्ये उजेड लागलेले चांदीचे क्षार आधी काळे होतात आणि उरलेल्यांच्या जागी रंग चढतो. जुन्या फिल्मवर उजेड न लागताही काही क्षार काळे होतात, मग रंगाला जागाच कमी उरते.

नंतर दुसऱ्या रोलवरची बारीक अक्षरे वाचली: कोडाक्रोम. आम्ही हबकलोच. एक्टाक्रोमच्या थरात रंग तयार होण्याची सामग्री असते, कोडाक्रोममध्ये ती नसतेच. तो रंग धुण्याच्या रसायनांतून यायचा, आणि ते काम घरी होण्यासारखे नव्हते. अमेरिकेत कॅन्ससमधल्या ज्या शेवटच्या प्रयोगशाळेत ते होत असे, तिने डिसेंबर २०१० मध्ये ते बंद केले. शरबत गुलाचा तो प्रसिद्ध फोटो कोडाक्रोमवरच निघाला होता. तो काढणाऱ्या स्टीव्ह मॅकरीने कोडाक्रोमच्या कारखान्यातून निघालेल्या शेवटच्या रोलवरची काही चित्रे आपल्या मुंबईतच काढली.

कृष्णधवल मात्र करता येते. चाचांच्या बाटल्या बाजूला ठेवल्या आणि ताज्या डी-७६ चे पाकीट आणले. मे महिन्यात टाकीचे पाणी चहाला ठेवल्यासारखे असते. ते २० अंशांवर आणायला बर्फ लागला. रात्री दाराच्या फटीला टॉवेल लावून न्हाणीघरातच फिल्म टाकीत भरली. पाठीवरचा काळा थर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात हलक्या हाताने पुसून काढला, त्याला वेळ लागला.

छत्तीसपैकी चार चित्रे दिसतात, तीही धुक्यातून पाहिल्यासारखी. एकात दादी पडवीत सूप घेऊन बसली आहे. तोंड आमच्याकडे, ओढणी डोक्यावर. फुफी बराच वेळ बघत राहिली. ओढणी हिरवी होती, असे ती म्हणते. मोठे चाचा म्हणतात, निळी.