चित्राखालचा मजकूर

काझुकी ताकाहाशी यांची ‘यु-गी-ओ!’ ही माँगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९६ साली जपानच्या ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात सुरू झाली, तेव्हा ती पत्त्यांची गोष्ट नव्हती. शाळकरी युगी आणि त्याच्या अंगात संचारणारा दुसरा युगी निरनिराळे खेळ खेळत, त्यातलाच एक पत्त्यांचा होता. अमेरिकेत १९९३ मध्ये आलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’वर बेतलेला हा खेळ वाचकांनी असा उचलून धरला की पुढे गोष्टच त्याच्याभोवती फिरू लागली. १९९९ मध्ये कोनामी कंपनीने तो खराखुरा खेळ म्हणून बाजारात आणला, २००० साली त्याभोवतीची ॲनिमे मालिका आली आणि २००२ मध्ये इंग्रजी कार्डं. २०११ पर्यंत २५ अब्जांहून अधिक कार्डं विकली गेल्याची नोंद गिनेसने केली आहे. थोडक्यात, गोष्ट आधी आली आणि पक्के नियम मागाहून. नवशिका अडतो तो नेमका इथेच, कारण तो गोष्टीतून खेळाकडे येतो आणि गोष्ट कळली म्हणजे खेळ कळला असं धरून चालतो. मला वाटतं, हा खेळ शिकणं म्हणजे नजर चित्रावरून काढून त्याच्या खालच्या बारीक मजकुरावर आणि हातातल्या पानांच्या संख्येवर आणणं. ज्याला हे जमलं त्याला खेळ आला. बाकीच्यांकडे फक्त संग्रह असतो.

ॲनिमेच्या पहिल्या मोठ्या पर्वात खेळाडूला २००० लाइफ पॉइंट्स असतात, बलाढ्य मॉन्स्टर कुठलीही किंमत न देता मैदानात उतरतात, आणि एका लढतीत तर युगी आपल्या दगडी सैनिकाला चंद्रावर हल्ला करायला सांगतो. चंद्र फुटतो, भरती ओसरते, शत्रूचे जलचर कोरडे पडतात. प्रसंग म्हणून हे झकास आहे आणि कथाकाराला तेवढी मुभा हवीच. प्रत्यक्ष खेळात मात्र ८००० पॉइंट्स असतात, डेकमध्ये ४० ते ६० कार्डं असतात आणि एका नावाची जास्तीत जास्त तीन कार्डं चालतात. साध्या पद्धतीने एका पाळीत एकच मॉन्स्टर उतरवता येतो. तो पाचव्या-सहाव्या पातळीचा असेल तर मैदानातला आपलाच एक मॉन्स्टर आधी बळी द्यावा लागतो, सातवी पातळी किंवा त्याहून वर असेल तर दोन. सुरुवात करणाऱ्याला पहिल्या पाळीत नवं पान ओढता येत नाही आणि हल्लाही करता येत नाही. एवढं एका बैठकीत सांगून होतं. अवघड भाग याच्या पुढे आहे.

आपल्या ओळखीच्या पत्त्यांत नियम पानाबाहेर असतात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० पानं, पण मत्स्याचा राजा मत्स्यकथेमुळे काही निराळं करत नाही. तो आपल्या रंगातला सर्वांत वरचा, एवढंच. ‘यु-गी-ओ!’त नियम पानावरच छापलेला असतो आणि तो पानागणिक बदलतो. हजारो कार्डांचे नियम पाठ करणं कुणालाच शक्य नाही. शिकायचं असतं ते वाचायचं कसं. २०११ पासून इंग्रजी कार्डांवरचा मजकूर एका ठरलेल्या शिस्तीत लिहिला जातो आणि त्यात विरामचिन्हांनाही काम असतं. अपूर्णविरामाच्या आधी येते ती अट. अर्धविरामाच्या आधी येते ती किंमत किंवा लक्ष्याची निवड. त्यानंतर येतो तो परिणाम. ‘हातातलं एक कार्ड टाका’ हे अर्धविरामाच्या आधी असेल, तर ती किंमत आहे. प्रतिस्पर्ध्याने परिणाम रद्द केला तरी टाकलेलं कार्ड गेलं ते गेलं. तेच शब्द अर्धविरामानंतर असतील, तर परिणाम रद्द होताच कार्ड टाकायचीही गरज उरत नाही.

नवशिक्याची नेहमीची चूक यातूनच उलगडते. प्रतिस्पर्धी ‘डार्क होल’ हे मैदानावरचे सगळे मॉन्स्टर नष्ट करणारं स्पेल कार्ड खेळतो. आपण उत्तरादाखल आधीच पालथं घालून ठेवलेलं ‘मिस्टिकल स्पेस टायफून’ उघडतो. त्यावर लिहिलेलं असतं की एक स्पेल किंवा ट्रॅप निवडा आणि नष्ट करा. शेवटी खेळलेल्या कार्डाचा परिणाम आधी होतो, त्यामुळे ‘डार्क होल’चं कार्ड खरोखर नष्ट होतं. तरीही आपले मॉन्स्टर मरतातच, कारण टायफूनवर ‘नष्ट करा’ लिहिलंय, ‘रद्द करा’ नाही. नुसत्या चित्रातलं वादळ बघून हा फरक कधीच लक्षात येणार नाही.

दुसरा मुद्दा मोजण्याचा. ‘ब्लू-आईज व्हाइट ड्रॅगन’ हा गोष्टीतला मानबिंदू: ३००० आक्रमणबळाचा, जगात फक्त चारच, आणि युगीचा प्रतिस्पर्धी कैबा त्यातलं चौथं फाडून टाकतो. ‘पॉट ऑफ ग्रीड’वर एक हसरं भांडं आहे आणि दोन कार्डं ओढा एवढाच मजकूर. या दोघांपैकी स्पर्धेतून २००५ पासून हद्दपार आहे ते भांडं. ड्रॅगन तिन्हीच्या तिन्ही खुशाल वापरा. कारण उघड आहे. एक पान खर्चून दोन मिळतात, तेही कुठलीही अट न पाळता, म्हणजे प्रत्येकाच्या डेकमध्ये ते असणारच. ड्रॅगनसाठी मात्र दोन मॉन्स्टर बळी द्यायचे. तीन पानं गुंतली आणि मैदानात उरलं एक. प्रतिस्पर्ध्याने ते एका पानाने उडवलं की हिशेब साफ तोट्यात गेला. पत्त्यांवर श्रद्धा असली की हवं ते पान येतं, हा ॲनिमेचा आवडता सिद्धान्तही असाच मोजून पाहावा. ४० कार्डांच्या डेकमध्ये एखादं कार्ड तीनदा असेल, तर सुरुवातीच्या पाच पानांत ते येण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के असते. डेक ६० कार्डांचा केला की ती २३ टक्क्यांवर येते. आवडती कार्डं कोंबून डेक फुगवणारा प्रत्येक जण हे नुकसान नकळत करून घेत असतो. युगीने कैबाला ज्या ‘एक्झोडिया’ने हरवलं, त्याचे पाचही भाग हातात जमले की डाव जिंकला; पण ४० कार्डांच्या डेकमधून ते पहिल्याच हातात येण्याची शक्यता आहे ६,५८,००८ मध्ये एक.

यावर कुणी म्हणेल, सगळं वाचणं आणि मोजणंच असेल तर गोष्टीची जादू कुठे उरली? माझ्या मते ती मजकुरातच सापडते. ‘डार्क मॅजिशियन गर्ल’ ही गोष्टीत ‘डार्क मॅजिशियन’ची शिष्या. तिचं आक्रमणबळ २०००, गुरूचं २५००. तिच्या कार्डावर लिहिलंय की कुणाच्याही ग्रेव्हयार्डमधल्या, म्हणजे बाद पानांच्या ढिगातल्या, प्रत्येक ‘डार्क मॅजिशियन’मागे तिचं बळ ३०० ने वाढतं. दोन गुरू धारातीर्थी पडले की शिष्या २६०० ची होते आणि गुरूला मागे टाकते. गुरूच्या जाण्यातून शिष्येला बळ मिळावं, हे नियमाच्या एका ओळीत बसवणं ही मोठी कारागिरी आहे. मजकूर न वाचणाऱ्याला ती फक्त गोड मुलगी दिसते.

पैशाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. कार्डांच्या बंद पाकिटात काय निघेल ते ठाऊक नसतं, आणि अशी पाकिटं फोडत राहण्याचा नाद जुगाराच्या जवळ जातो, हे मान्य करायला हवं. स्पर्धेत जिंकणारे डेक महागही असतात. पण चकाकत्या दुर्मीळ छपाईचं कार्ड आणि त्याचीच साधी छपाई यांचा परिणाम शब्दशः एकच असतो. शिकणाऱ्याने पाकिटांच्या वाटेला जाऊच नये, तयार डेक घ्यावा आणि पुढे लागेल तसं सुटं कार्ड. अलीकडच्या कार्डांवर मजकुराची दाटी झाली आहे, हीही रास्त तक्रार आहे. त्यावर उपाय म्हणजे लहान आवृत्तीपासून सुरुवात करणं: २०१९ मधल्या ‘स्पीड ड्युएल’मध्ये ४००० पॉइंट्स आणि २० ते ३० कार्डांचे डेक आहेत. इंग्रजीचा अडसर वाटतो तेवढा मोठा नाही, कारण तेच ते ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा येतात. राहिलं ॲप. २०२२ पासूनचं ‘मास्टर ड्युएल’ फुकट आहे, आणि जवळपास दुकान किंवा जोडीदार नसलेल्याला त्याचा आधार आहे. मात्र नियम पाळण्याचं काम तिथे यंत्र करतं. कार्ड चमकलं की ते खेळता येतं एवढं कळतं, का ते कळत नाही. म्हणून ॲपवर सराव करावा, पण शिकायला टेबलावर बसावं.

या सुट्टीत घरातलं कुणी शिकायला बसणार असेल, तर दोन साधे तयार डेक घ्या आणि पहिले काही डाव दोघांचेही हात उघडे ठेवून खेळा. कार्ड खेळण्याआधी ते मोठ्याने वाचायचं आणि अट कुठली, किंमत कुठली, परिणाम कुठला हे समोरच्याला सांगायचं. जो सांगू शकणार नाही, त्याने ते कार्ड त्या पाळीत खेळायचं नाही.