बसऱ्याची किताब, बलियाची कितबिया

'किताब' हा शब्द अरबीतही आहे आणि भोजपुरीतही. बगदादमध्ये त्याचा अर्थ पुस्तक, बलिया-छपऱ्याकडेही पुस्तकच. पण पुस्तकं मोजायला बसलं की दोन्ही भाषांची घडण किती निराळी आहे ते लगेच दिसतं.

अरबीत एक असेल तर 'किताब', दोन असतील तर 'किताबान', तीन झाली की 'कुतुब'. दोनसाठी शेवटी प्रत्यय लागला. तीनला मात्र शब्दाच्या आतलेच स्वर बदलले. क, त, ब ही तीन व्यंजनं तेवढी जागेवर राहिली. भोजपुरीत 'एगो किताब', 'दू गो किताब', 'तीन गो किताब'. इथे 'किताब'ला हातही लागत नाही. 'गो' हा छोटासा शब्द आकड्याला चिकटतो आणि मोजणीचं सगळं ओझं उचलतो. काही भागांत 'गो'च्या जागी 'ठो' येतो.

अरबी ही हिब्रूसारखी सेमिटिक कुळातली भाषा. या कुळात धातू म्हणजे बहुधा तीन व्यंजनांचा सांगाडा असतो. क-त-ब म्हटलं की लिहिण्याची कल्पना आली. त्यात स्वर भरायचे ठरलेले साचे असतात. 'कतब' म्हणजे त्याने लिहिलं, 'कातिब' लिहिणारा, 'मक्तूब' लिहिलेलं, 'मक्तब' लिहिण्याची जागा. साचा एकदा कळला की नवा धातू घालून शब्द ओळखता येतो. अ-ल-म हा जाणण्याचा धातू 'मक्तूब'च्या साच्यात घातला की 'मालूम' तयार, म्हणजे जाणलेलं. (या धातूतला 'अ' खरं तर 'ऐन' हे व्यंजन आहे. जिभेचं मूळ मागे ओढून घशात काढायचा हा आवाज, आपल्याकडे त्याला अक्षरच नाही.)

ही रचना शास्त्रशुद्ध मांडणारा पहिला मोठा ग्रंथ आठव्या शतकात बसऱ्याच्या परंपरेत तयार झाला. लिहिणारा सीबवय्ही जन्माने इराणी होता. त्याच्या ग्रंथाला लोक नुसतं 'अल-किताब' म्हणू लागले आणि अरबी व्याकरणाची पुढची बाराशे वर्षं त्याच्या पायावर उभी राहिली.

भोजपुरीच्या वाट्याला असा सीबवय्ही फार उशिरा आला. रुडॉल्फ हॉर्नले यांचं भोजपुरीसह पूर्वेकडच्या हिंदीचं व्याकरण १८८० साली निघालं. भारताच्या भाषिक सर्वेक्षणातला बिहारी भाषांवरचा खंड जॉर्ज ग्रियर्सन यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केला. ग्रियर्सन यांनी भोजपुरीला मैथिली आणि मगहीसोबत 'बिहारी' या गटात बसवलं, हिंदीपासून वेगळं. तरी २०११ च्या जनगणनेत भोजपुरी ही मातृभाषा सांगणारे पाच कोटींहून अधिक लोक हिंदीच्या खात्यात मोजले गेले. व्याकरण उशिरा छापलं गेलं म्हणून व्याकरणच नाही, या समजुतीने या भाषेचं फार नुकसान केलं आहे.

कारण भोजपुरीचे नियम अरबीइतकेच काटेकोर आहेत. 'ते पुस्तक कुठे आहे?' असं ओळखीच्या पुस्तकाबद्दल विचारायचं असेल तर भोजपुरी माणूस म्हणतो, 'कितबिया कहाँ बा?' या रूपाकडे नीट बघा. 'किताब'मधला 'ता' इथे 'त' झाला. शेवटी '-इया' लागल्यामुळे 'ता' शेवटून तिसऱ्या जागी गेला, आणि त्या जागी दीर्घ स्वर टिकत नाही. 'बात'चं 'बतिया' आणि 'बाजार'चं 'बजरिया' याच नियमाने होतं. ग्रियर्सन यांनी या नियमाला नाव देऊन तो नोंदवला. आपण 'फूल'चं 'फुलाला' करतो, ती याच प्रवृत्तीची मराठी बहीण. म्हणजे स्वर दोन्हीकडे बदलतात, पण कारणं वेगळी. अरबीत स्वर बदलला की अर्थ बदलतो. भोजपुरीत शब्द लांबला म्हणून स्वर आपसूक आखडतो. अरबस्तानातून शब्द आला, त्याचा साचा आला नाही. भोजपुरी माणूस 'तालीम'ही म्हणतो आणि 'मालूम'ही म्हणतो. दोन्ही शब्द एकाच धातूतून निघालेत हे माहीत असण्याची त्याच्या व्याकरणाला गरजच पडत नाही.

उच्चारांचंही तसंच. 'हाजिर', 'नजर', 'अजान' आणि 'वजीर' या शब्दांमधला 'ज' अरबीत चार वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात आणि चार तऱ्हांनी उच्चारतात. फारसीत त्या चारींचा एकच 'झ' झाला, भोजपुरीत आल्यावर तो 'ज' झाला. 'हुक्म', 'जुल्म' यांतली जोडाक्षरं फोडून 'हुकुम', 'जुलुम' झाले. मराठीतही असंच घडलं. आपला पैलवान जो 'किताब' जिंकतो त्याचा पुस्तकाशी संबंध नाही. तो अरबी 'खिताब', वेगळ्या धातूचा, 'ख'चा 'क' होऊन पुस्तकाच्या शेजारी येऊन बसला.

क्रियापदांत तर भोजपुरी आपल्याच घरची वाटते. 'गइल' म्हणजे गेला, 'आइल' म्हणजे आला. भूतकाळाचा हा 'ल' दोन्ही भाषांनी जपला. फरक एवढाच की 'मी पुस्तक वाचलं' या वाक्यात आपलं क्रियापद पुस्तकाकडे बघतं, तर भोजपुरीत 'हम किताब पढ़लीं' म्हणताना ते बोलणाऱ्याकडे बघतं. समोरच्याचा मानही तिथे क्रियापद सांभाळतं: 'तें', 'तूँ' आणि 'रउवा' यांची रूपं निरनिराळी. अभिजात अरबी समोर पुरुष आहे की स्त्री हे क्रियापदातून सांगते. मान देण्यासाठी तिच्याकडे असं वेगळं रूप नाही.

आज या दोन भाषांची गाठ पुस्तकात नाही, बांधकामाच्या जागेवर पडते. बिहारमधल्या सिवान, गोपालगंज या जिल्ह्यांतून माणसं पिढ्यान्पिढ्या आखातात कामाला जातात. तिथे मलयाळी, बंगाली, उर्दू बोलणाऱ्यांच्या आणि अरब मालकांच्या व्यवहारातून एक कामचलाऊ अरबी तयार झाली. जे. आर. स्मार्ट यांनी १९९० मध्ये तिच्यावर पहिला अभ्यासपूर्ण लेख लिहिला; अभ्यासक तिला 'गल्फ पिजिन अरेबिक' म्हणतात. तिच्यात द्विवचन नाही आणि मी, तू, तो यांप्रमाणे क्रियापद बदलणंही नाही.

'मला माहीत नाही' हे कुवेती माणूस 'मा अद्री' असं म्हणतो. कामगार म्हणतो, 'अना माफी मालूम'. त्याच्या घरच्या भाषेत हेच वाक्य 'हमरा मालूम नइखे' असं आहे. माहीत असेल तर 'अना फी मालूम'. अरबीत 'फी' म्हणजे 'मध्ये', आणि बोलीत '(काहीतरी) आहे'; त्याला नकाराचा 'मा' लागला की 'माफी'. 'पुस्तक नवीन आहे' असं वर्तमानकाळात सांगायला अरबीला 'आहे' लागत नाही. 'अल-किताबु जदीद', झालं वाक्य. भोजपुरीला मात्र 'किताब नया बा' यातला 'बा' लागतो. पिजिनमध्ये 'फी' ठिकठिकाणी त्या 'बा'चं काम करताना दिसतो. हे एकट्या भोजपुरीचं कर्तृत्व म्हणता येणार नाही, 'आहे'ची सवय तिथल्या बहुतेक भारतीय कामगारांची आहे. पण माझ्या मते इथे उलटा प्रवास झाला: शब्द अरबांचे राहिले आणि वाक्य कामगारांनी आपल्या पद्धतीने बांधलं.